भरीत कुठे वाढायचं?

छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. माझ्या हातून पाढे न शिकता सुटलेलं पोर नरडाण्याच्या पंचक्रोशीत सापडणार नाही! त्यामुळे नात शिल्पा वक्तृत्व स्पर्धेचा विषय घेऊन आली, ‘राजकारणातले डावे आणि उजवे’, तेव्हा मी मिशीला पीळ दिला.

“पाच मिनिटांचं काम! ताटासारखंच असतं. डावीकडे चटणी-लोणचं, उजवीकडे भाजी. माणसंही तशीच वाढलेली!”

“नाना, पहिली आले तरच धुळ्याला जिल्ह्याच्या फेरीला पाठवणार आहेत हं!”

“भाषण मी लिहून देतो. मग कोण हरतंय?”

त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात भरीत पार्टी होती. प्रात्यक्षिकाला आयती माणसं! मी चुन्याने मधोमध रेघ मारली.

“सरकारने जास्त लक्ष घालावं म्हणणारे डावे, कमी घालावं म्हणणारे उजवे. उभे राहा!”

शेजारचा वना उठेचना. “नाना, मना डावा गुडघा दुखस!”

“गुडघा नाही रे, मत! सरकारने कापूस विकत घ्यावा का?”

“लेवालेच जोयजे!” सगळं अंगण डावीकडे.

“आणि कापूस कुणाला विकायचा, हेही सरकारनेच ठरवावं?”

“सरकारनं काय काम शे तठे?” वना गुडघा विसरून उजवीकडे पळाला. मागोमाग सगळे!

पलीकडच्या घरातल्या वच्छलाअक्का ओरडल्या, “दारूचं दुकान सरकारने बंद करावं!” आणि डावीकडे आल्या. “पण माझ्या सुनेनं काय नेसावं ते कुणी सांगू नये!” परत उजवीकडे. माझा मुलगा बुद्धभूषण म्हणाला, “संविधानाला हात लावायचा नाही, आणि माझ्या वर्कशॉपला पन्नास परवाने मागायचे नाहीत!” आणि दोन्हीकडे एकेक पाय टाकून उभा राहिला. अंगणात कबड्डी सुरू झाली. रेघ पुसली, चुना सगळ्यांच्या पायांना!

तेवढ्यात आमच्या लिलाबाई पातेलं घेऊन आल्या. “अहो, भरीत डावीकडे वाढू की उजवीकडे?”

“डावीकडे! भरीत कोशिंबिरीच्या जातीचं!”

वना खवळला. “कोशिंबीर? भाजी शे ती, भाजी! उजवीकडे!”

अर्धा तास भांडण! शेवटी वच्छलाअक्कांनी पातेलं हिसकावलं. “मधोमध वाढा. बाकी बठ्ठं त्याच्या बाजूला!”

दुसऱ्या दिवशी शिल्पा मंचावर चढली आणि माझं भाषण घडी करून खिशात घातलं! गेलं धुळं!

“काल आमच्या अंगणात पंधरा माणसं होती,” ती म्हणाली. “डावी शून्य, उजवी शून्य, उपाशी पंधरा!”

सभागृह हसलं, मग कान देऊन ऐकू लागलं. पोरीने एकेकाचं मत असं मांडलं, की कुणालाच वेडं ठरवलं नाही. पहिला नंबर! माझी छाती धान्याच्या पोत्यासारखी फुगली.

परीक्षकांनी विचारलं, “बाळ, हे तुला कुणी शिकवलं?”

मी टोपी सारखी करून उभा राहिलो.

“वनाआबांनी!”

आता उठलोच होतो, म्हणून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात!