गुरुवारच्या तीन फेऱ्या

हे गेले, कंपनीनं मला यांच्या जागी पॅकिंगमध्ये घेतलं आणि घरात यांची सायकल उरली. अट एकच होती. पहिल्या सहा महिन्यांत तीन लेटमार्क झाले, की घरी. दिघीहून भोसरीला जाणारी बस मला बघूनच वेग वाढवायची, त्यामुळे पाचव्या महिन्यात दोन झालेसुद्धा. म्हणून ठरवलं, सायकलनं जायचं. (वय बेचाळीस, अंगात नऊवारी.)

शेजारच्या छबूबाई म्हणाल्या, "आता सायकल हाकनार व्हय? मानसं काय म्हनतील?"

"म्हणू देत. लेटमार्क तर देणार नाहीत!"

ओट्यावरून बसायला शिकले. चालवायलाही आलं. उतरायला मात्र येईना. घरी ओट्याला पाय टेकून निभायचं. कंपनीच्या फाटकावर वॉचमन चिमाजीभाऊजी होते, यांचे मित्र. मी लांबूनच "भाऊजी!" म्हणून ओरडायची, ते धावत येऊन कॅरिअर धरायचे.

खरं सांगते, तो रस्ता मला आवडायला लागला. सकाळचा गार वारा, ज्वारीच्या शेतांचा ओला वास, पहिल्या पाळीला निघालेल्यांच्या घंट्या. हे गेल्यापासून दिवसातली तेवढी वीस मिनिटं मी रडत नसे. (डोळे पुसायला हँडल सोडावं लागलं असतं.)

एका गुरुवारी रस्ता अगदी मोकळा. बरं वाटलं. फाटक बंद होतं आणि चिमाजीभाऊजी स्टुलावर चहा पीत होते.

"भाऊजी, धरा!"

"अहो वहिनी! आज इकडं कुठं?" त्यांनी कप उंचावला.

तोवर मी पुढे. थांबता येईना, म्हणून कंपनीला वळसा घातला. भोंगा अजून झाला नव्हता, तेवढाच धीर.

"भाऊजी, लेटमार्क लागेल हो!" दुसऱ्या फेरीला ओरडले.

"आज कसला लेटमार्क? फिरा निवांत! दौलतराव असते, तर बघतच राहिले असते!"

तिसऱ्या फेरीला पायांतलं बळ गेलं. कुंपणाला टेकून उतरले. म्हणजे लुगडं तारेवर, सायकल गटारात आणि मी मधे.

भाऊजींनी मला उठवून बसवलं. "वहिनी, विजेच्या कपातीमुळं आजपासून सुट्टी गुरुवारची. काल फळ्यावर नोटीस होती की! आता रविवारीही कामावर यायचंय."

शुक्रवारी गुडघा टम्म सुजलेला. सायकलवर बसायचा धीर होईना. नेहमीपेक्षा तासभर आधी घर सोडलं, लंगडत चालत निघाले आणि भोंग्यानंतर सात मिनिटांनी पोचले.

साहेबांनी घरी पाठवलं नाही. यांची आठवण काढली, आणखी सहा महिने टेंपररी ठेवलं. मग रजिस्टरात शेरा लिहिला आणि मला वाचून दाखवला: "घरी सायकल असूनही चालत येतात."

खाली मी सही केली.