बोंग आजोबांना नमस्कार

"नमस्कार किती वेळा?" गुमओकबाईंनी सकाळपासून कितव्यांदा तरी विचारलं.

"एकदाच, ताई," हाल्वोर आणि एडिमार एका सुरात म्हणाले. गाण्यात त्यांचा सूर असा कधी जुळला नव्हता.

नॉर्वेचा ताडमाड हाल्वोर आणि ब्राझीलचा बुटका एडिमार हे दोन तरुण धर्मप्रचारक कोरियातल्या अन्दोंगजवळच्या या गावात देवाचं काम करायला आले आणि चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या गुमओकबाईंच्या तावडीत सापडले. तरणी पोरं सोलला गेल्यापासून चर्चच्या गायकवृंदात पुरुषाचा आवाज म्हणून उरला नव्हता. हे दोघे गेले की वृंद बंद. आणि त्यांना ठेवायचं की नाही, ते चर्चमधले सगळ्यात वडीलधारे, नव्वदीचे बोंग आजोबा आजच्या नववर्षाच्या कार्यक्रमानंतर ठरवणार होते. "परक्यांना कुठली जमतायत आपली गाणी!" अशी त्यांची कुरकुर महिनाभर चालली होती. बाईंना तीन रात्री झोप नव्हती.

गाणी कशीबशी पार पडली. एडिमार एक ओळ आधीच गाऊन मोकळा झाला, पण ते खपून गेलं. राहिला फक्त नमस्कार. पहिल्या रांगेत आजोबा डोळे मिटून बसले होते. अंगातला कोरियन सणाचा पोशाख, रेशमी हानबोक, सावरत दोघांनी गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि उठले. आजोबा ढिम्म.

"त्यांनी बघितलंच नाही रे," हाल्वोर पुटपुटला आणि पुन्हा वाकला. त्याच्या मागोमाग एडिमारही.

जिवंत माणसाला एक नमस्कार, मेलेल्याला दोन, हे इथं रांगत्या पोरालाही कळतं.

"अगं बाई! जित्या माणसाचं श्राद्ध घातलं की गं यांनी!" मागून एक आजी म्हणाली.

त्यातून बोंग आजोबा म्हणजे, ख्रिस्ती झालो, आता पितरांपुढे वाकणार नाही म्हणाले म्हणून ऐन तारुण्यात भावकीनं घराबाहेर काढलेला माणूस. गुमओकबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्याआडून त्यांनी "इकडे या" म्हणून हात हलवला. इथं सगळे हलवतात तसाच, तळवा खाली करून. पण हाल्वोरच्या मुलखात कुणाला बोलवायचं तर तळवा वर असतो.

"ताई 'खाली, खाली' म्हणतायत," तो घाबरून म्हणाला.

"मग वाक ना! आधीच चिडल्यात त्या," एडिमार म्हणाला. दोघांनी तिसऱ्यांदा कपाळ टेकलं.

तीन नमस्कार बुद्धाला, तेही देवळात. इथं तर वर क्रूस होता. पाळकसाहेब छताकडे बघू लागले. बाईंना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. पण धरणी काही फाटेना, तेव्हा त्या धावत व्यासपीठावर आल्या.

"आजोबा, पोरांची चूक नाही हो. मीच नीट शिकवलं नाही."

आजोबांनी डोळे उघडले. "किती झाले?"

"तीन," बाई म्हणाल्या.

"मी काही झोपलो नव्हतो. म्हटलं, बघू तरी कुठवर जातात." त्यांनी बोटं पुढे धरली. "पहिल्याला मी बोंग होतो. दुसऱ्याला मेलो. तिसऱ्याला बुद्ध झालो. आणि आता कुठं बरे दिवस येणार, तर थांबलात?"

"म्हणजे?"

"शिकलेल्या ना तुम्ही? जुन्या काळी चार कुणाला घालत होते? राजाला! ए उंच पोरा, बघतोस काय, वाक!"

हाल्वोर वाकला. एडिमार वाकला. सगळं सभागृह हसून लोटपोट झालं. बाईंना मात्र हसू येईना, त्यांचा जीव अजून टांगणीलाच होता.

"आजोबा, या दोघांचं काय ठरवलंत?"

आजोबा खुर्चीत ताठ बसले, हानबोकची बाही झटकली.

"दरबार म्हटला की गवई आलेच," ते म्हणाले. "बेसूर असले तरी पोसावे लागतात."