अक्का विचारते तेव्हा वही बंद

निहार, ईशा, परवा फोनवर निहार म्हणाला, "आजी, धडा पाच वेळा वाचला, तरी पेपरात काहीच आठवलं नाही." पाच वेळा वाचायचा सल्ला माझाच होता. तो चुकीचा होता हे मला आमच्या शेजारच्या अक्काने दाखवलं. मला आठवतंय तोवर लिहून टाकते.

जळगावात आमच्या भिंतीला भिंत लागून अक्का राहते. ती कुणाला "कशी आहेस?" विचारत नाही. "काल काय सांगं व्हतं?" असं विचारते. कळण्याच्या भाकरीचं प्रमाण मी तिच्याकडून तीन रंगांच्या शाईत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने वही बंद करायला लावली. मला एकही माप आठवेना.

"भुलनी का बाई? बेस झाय! आते जोर लाव."

आठवेपर्यंत चहा नाही. मग चार दिवसांनी परत तेच, मग पंधरा दिवसांनी. मी कॉन्व्हेंटची, इंग्रजीत एम.ए. झालेली, ज्वारी किती, उडीद किती, हे तिच्या ओट्यावर आठवत बसायची आणि भाजीवाली हसायची.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याला, नानांना, झटका आला. बोलणं परतलं, नावं परतली नाहीत. मुलगी सुमन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार होती आणि नानांना तिचंही नाव येईना. मी मदतीला धावले. भिंतीवरच्या सुमनच्या फोटोखाली ठळक अक्षरांत नावाची चिठ्ठी चिकटवली. नाना रोज घडाघडा वाचायचे. मी माझ्यावर खूश.

अक्काने चिठ्ठी फाडली. "हाई तं भिंत बोलस, नाना नई."

मग ती नुसता फोटो दाखवून थांबायची. नाव आलं की दोन दिवस सोडायची, मग आठवडा. नाना चिडायचे, कधी रडायचे. मी उत्तर पुटपुटले की मांडीला चिमटा.

आखाजीला सुमन पिशवी घेऊन दारात उभी राहिली. नाना बघत राहिले.

"सु... सुमन. उनमा काबरं उभी शे?"

सुमन पिशवीसकट उंबऱ्यावरच बसली.

संध्याकाळी मी अक्काला म्हटलं, "आता तुझं नाव विचार त्यांना."

"मनं नाव त्यासनी कधी लिधंच नई. सुमननी माय, बस. लिधंच नई ते काय भुलतीन?" कधी घेतलंच नाही ते नाव विसरणार काय, असं म्हणून ती हसली, आणि बराच वेळ एकच ताट घासत राहिली.

एकतीस वर्षांची शेजारीण, आणि मीही नुसती अक्काच म्हणत आले होते. लाजत नाव विचारलं. तिने एकदाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला नावाने हाक मारली. चार दिवसांनी परत. आता दहा महिने झाले.

तिचं नाव कस्तुरा. मला येतं.