अप्पांचे फुटाणे आणि माझा डावा कान

हेडफोन घ्यायचा तर तो डोक्यावर चढवून आधी मूठभर फुटाणे खाऊन बघावेत, असं मानणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो आमच्या घाटनांदुरात माझ्या घरापासून चौथ्या दारात राहतो. वैजनाथअप्पा.

"नुसतं घालून बगितलं की समदेच चांगले वाटतेत," अप्पा म्हणतात. "चावताना कानाम्होरलं हाड हलतंय. तवा रुतलं तर त्यो हेडफोन न्हाई, चिमटा हाय."

अप्पा पस्तीस वर्षं गावातले साउंडवाले. लग्न असो, सप्ताह असो, पुढाऱ्याची सभा असो, त्यांचे चार कर्णे, एक मशीन आणि एक माईक हजर. इतकी वर्षं माईक हातात असलेला हा माणूस त्यात दोनच शब्द बोलला : "हॅलो, हॅलो." तेही माईकवर नखानं टकटक करून. मग माईक दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि मशीनमागं जाऊन मांडी घालून बसायचं. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. स्वतःच्याच भोंग्याला भिणारा साउंडवाला म्हणून आम्ही त्यांना फार हसायचो.

माणसं पारखायची त्यांची रीतही धंद्यातलीच. एखादा पुढारी तासभर गरजून गेला की अप्पा मला हळूच म्हणायचे, "आवाज मोठा हाय, पर अर्थिंग न्हाई." जावई कसा आहे, बैल कसा आहे, नवा तलाठी कसा आहे, सगळ्याला एकच उत्तर : "आदी अर्थिंग बगा."

माझ्याबद्दल ते असं कधी बोलले नाहीत. बोलले असते तरी मला ऐकू आलं नसतं.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. पण शाळा पोटासाठी. माझा खरा जीव सूत्रसंचालनात. समोर चार माणसं आणि हातात माईक एवढं मिळालं की मला तहानभूक राहत नसे. एकदा कपिलधारच्या यात्रेत हरवलेल्या एका म्हातारीचं नाव पुकारायचं होतं. मी आधी मातृमाहात्म्यावर थोडी प्रस्तावना केली. ती संपेपर्यंत म्हातारी स्वतःच लोकांना विचारत विचारत मंचावर आली आणि म्हणाली, "बाबा, कुणाची आई हारवलीय?"

अशाच एका कार्यक्रमात मला साक्षात्कार झाला की माझा आवाज सगळ्या गावाला ऐकू जातो, फक्त मलाच नीट येत नाही. मी अप्पांना म्हणालो, "एक कर्णा माझ्याकडं फिरवा."

"गुर्जी, कर्णा लोकांकडं असतोय," अप्पा म्हणाले.

"लोकांना कळायच्या आधी मला कळायला नको, मी काय बोलतोय ते?"

अप्पांनी शिडी लावली, वर चढले आणि कर्णा फिरवला. तेव्हापासून वीस वर्षं तो कर्णा प्रत्येक मंचावर माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर असायचा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी अप्पा गुपचूप येऊन माझ्यासमोर कापसाचे दोन बोळे धरायचे. मी घेत नसे. नेहरू शर्टावर जाकीट घातलेल्या माणसाच्या कानात कापूस? एकदा तर मी माईकवरच म्हणालो, "अप्पा, कापूस कानात नाही, नाकात घालतात. आणि तोही एकदाच!" सगळा मांडव हसला. अप्पाही हसले आणि बोळे खिशात घालून मागं जाऊन बसले.

ते बोळे तेव्हा घेतले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

कान एका दिवसात जात नाही. आधी मला वाटायला लागलं की हल्ली लोक फार हळू बोलतात. मग वाटलं, नव्या पिढीचे उच्चारच स्पष्ट नाहीत. मग टीव्ही बिघडला असं ठरवून मी तीनदा माणूस बोलावला. तिसऱ्यांदा बायकोनं त्याला दारातूनच परत पाठवलं आणि मला अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, डावा कान जवळजवळ गेला, उजवा अर्धा आहे. आता जे आहे ते सांभाळा. कानात खुपसायचं काही घालू नका, आणि जे ऐकाल ते बेताच्या आवाजात ऐका. मी मान डोलावली. यातलं निम्मं मला बायकोनं घरी आल्यावर सांगितलं.

तरी मी कुणाला कळू दिलं नाही; कानामागं यंत्र दिसेल म्हणून तेही टाळलं. सूत्रसंचालकाला एक कला अवगत असते : काहीही कानावर आलं, न आलं, तरी प्रसंगाला शोभेल असं बोलायचं. त्या कलेनंच घात केला.

माझी मुलगी मनीषा पुण्याला असते. दर रविवारी तिचा फोन यायचा. मी "हो हो", "अरे वा" करत निभावून न्यायचो. एका रविवारी ती बराच वेळ काही सांगत होती. ती थांबली तेव्हा मी आवाजात भरपूर आनंद आणून म्हणालो, "अभिनंदन! हार्दिक अभिनंदन!"

ती सांगत होती की तिच्या सासूबाई न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

त्यानंतर मनीषा रागावली नाही, हे जास्त वाईट झालं. ती फक्त मला सांगेनाशी झाली. मी फोन उचलला की म्हणायची, "बाबा, बरे आहात ना? आईकडं द्या." एवढंच. आणि एवढं मात्र मला स्पष्ट ऐकू यायचं. पुढं अर्धा तास बायको आत जाऊन बोलायची, आणि मी बाहेर पेपर धरून बसायचो. पोरीशी बोलता येत नाही या दुःखापुढं मला कानाचं काहीच वाटत नव्हतं.

मग एका मंगळवारी मी कुणालाही न सांगता धारूरच्या बाजारातून एक हेडफोन आणला. लालभडक, कानावर रंगीत दिवे लुकलुकणारा. विक्रेता म्हणाला होता की याचा आवाज असा आहे की मेलेला उठेल. घरी आणून मी तो डोक्यावर चढवला, आवाज पूर्ण केला आणि आरशात बघितलं. बायको मागं येऊन उभी होती. "वरात किती वाजता निघणार?" तिनं विचारलं. तासाभरात चष्म्याच्या दांड्या कानशिलात रुतल्या, घामानं कान भिजले आणि उजव्या कानात असा शिट्टीसारखा आवाज घुमायला लागला की दोन दिवस थांबेना. उरलेला अर्धा कानही मी बाजारात घालवणार होतो.

बायकोनं हे अप्पांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दारात, खांद्याला पिशवी. "चला गुर्जी," ते म्हणाले, "अंबाजोगाईला."

मला वाटलं, डीजे आल्यापासून यांच्या कर्ण्यांना फारसं काम नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही; माणसाला वेळ जात नसेल. म्हणून गेलो.

मोबाइलच्या दुकानात अप्पांनी पिशवीतून फुटाण्याचा पुडा काढला तेव्हा दुकानदाराला वाटलं प्रसाद आहे. त्यानं एक उचललाही. अप्पांनी त्याला थांबवलं, माझ्या डोक्यावर पहिला हेडफोन चढवला आणि हुकूम सोडला, "चावा."

मी फुटाणे चावले.

"रुतलं?"

"हो."

"दुसरा."

दुकानदार चांगला माणूस होता. त्यानं सगळ्यात महागडा काढून दाखवला. "काका, बेस बघा बेस. छाती हादरते."

"बेस कुनाला पायजे बे?" अप्पा म्हणाले. "ह्यांना लेकीचं बोलनं ऐकायचंय. वरात न्हाई काढायची."

दुकानात कॉलेजची चार पोरंपोरी होती. त्या सगळ्यांना एका वाक्यात माझा डावा कान, माझी लेक आणि माझं दुःख कळलं. मी फुटाणे चावत भिंतीकडं बघितलं.

त्यानंतर अप्पांनी त्या दुकानदाराला जे काही शिकवलं ते ऐकण्यासारखं होतं, आणि मोठ्यानं बोलत असल्यामुळं मला ऐकूही आलं. कान पूर्ण झाकणारा घ्यायचा, म्हणजे बाहेरचा कालवा आत येत नाही आणि आवाज वाढवावा लागत नाही. "आवाज वाढवायचा न्हाई, कालवा कमी करायचा," हे त्यांनी तीनदा सांगितलं. गादी मऊ पाहिजे. दांडी चष्म्यावर दाबता कामा नये. वजनाला हलका पाहिजे. यासाठी त्यांनी दोन हेडफोन शेजारच्या किराणा दुकानात नेऊन तराजूत घातले. दोन चहा झाले, पुड्यातले फुटाणे संपत आले, माझे जबडे दुखायला लागले. अखेर कोपऱ्यातला एक साधा काळा हेडफोन डोक्यावर चढला आणि मी चावतच राहिलो. अप्पा बघत होते.

"रुतलं?"

"काय?" मी म्हणालो. डोक्यावर काही आहे हे मी विसरलो होतो.

"ह्योच," अप्पा म्हणाले. महागड्याच्या चौथाईत काम झालं.

पण अप्पांच्या लेखी काम अजून झालंच नव्हतं. गावात आल्यावर त्यांनी तो हेडफोन स्वतःच्या घरी नेला आणि पिठाच्या पितळी डब्यावर ताणून दोन दिवस ठेवला, म्हणजे कमान सैल व्हावी. डबा माझ्या डोक्याच्या मापाचा आहे, असं ते म्हणाले. रिकामाच होता, तेही त्यांनी सांगितलं. मग रेक्झिनच्या गाद्यांना जुन्या धोतराच्या मऊ कापडाच्या खोळी शिवल्या, आमच्या उन्हात कान उकडू नयेत म्हणून. शेवटी माझा मोबाइल मागितला. "निम्मं बोलनं डाव्या अंगानं जातंय आन् तिकडं घ्यायला कुनी न्हाई. दोन्ही लायनी उजव्या कर्ण्यात जोडू." आणि माझ्या फोनमध्ये मला सहा वर्षांत न सापडलेली जागा शोधून त्यांनी दोन्ही लायनी उजवीकडं जोडल्या.

रविवारी फोन वाजला. मी हेडफोन चढवला, आवाज निम्म्याच्या खाली ठेवला.

"बाबा, बरे आहात ना? आईकडं द्या."

"आई दळण आणायला गेलीय. मला सांग."

"राहू द्या बाबा. तुम्हाला ऐकू येत नाही."

"सांगून तर बघ."

 मग ती म्हणाली, "सासूबाई कालपासून वॉकर धरून चालायला लागल्या."

"किती पावलं चालल्या?" मी विचारलं.

 मग मनीषा जी बोलायला लागली ती वीस मिनिटं थांबली नाही. दवाखाना, रजा, नवऱ्याची धावपळ, तिची स्वतःची पाठदुखी, सगळं. मी एकदाही अभिनंदन म्हटलं नाही. मधेच ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच ऐकताय." मला रडू आलं. चष्मा हेडफोनखाली अडकलेला, त्यामुळं डोळेही पुसता येईनात.

फोन संपला तसा मी धावत अप्पांकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, म्हणजे अर्थातच प्रस्तावनेसह. त्यांनी ऐकून घेतलं. "रुतलं न्हाई ना?" एवढंच विचारलं आणि उठून आत गेले.

मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. आभार मानायचे राहिले होते. पण समोर गेलो की मी भाषण करणार, हे मला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडफोन चढवला आणि चौथ्या दाराला फोन लावला.

फोनवर टकटक ऐकू आली. नखाची. "हॅलो, हॅलो."

"अप्पा, मी आज बोलणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही बोला."

 त्यांच्या घरातल्या पंख्याची कुरकुर मला स्वच्छ ऐकू येत होती.

"गुर्जी," ते म्हणाले, "त्यो कर्णा मी फिरवला व्हता."

"मीच सांगितलं होतं."

"तुमी म्हणलाव खरं. पर मला ठाव व्हतं. मी सवता कानात कापूस घालायचो, मला ठाव न्हाई तर कुनाला? न्हाई म्हणाय पायजे व्हतं." मग म्हणाले, "पर तुमचा आवाज लागला की तुमी लई खुशीत बोलायचाव. आन् शेवटाला म्हणायचाव, ध्वनिव्यवस्था आमचे वैजनाथअप्पा. गावात दुसरं कोन घेतंय माजं नाव?"

ते वाक्य मी नेहमी अगदी शेवटी उरकायचो. तोवर लोक चपला शोधत असत.

"त्यो कर्णा माळ्यावर हाय," अप्पा सांगत होते. "तुमचा कान गेल्याचं कळलं त्या दिवसापासून भाड्यानं दिला न्हाई. तोंडात कापूस भरून ठिवलाय."

 पुन्हा नखाची टकटक आली, दोनदा.

"हॅलो... ऐकू यायलंय का, गुर्जी?"

कोणत्याही प्रसंगाला शोभतील अशी शेकडो वाक्यं माझ्याकडं पाठ आहेत. त्यातलं एकही मी वापरलं नाही.

"यायलंय, अप्पा," मी म्हणालो. "बोला तुम्ही."