आप्पा नक्की कोणाच्या कार्डावर?

सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस चुकीच्या बसमध्ये बसून थेट डेपोत जाऊन पोचला, तेव्हा आप्पांच्या डोळ्यांचं आता काहीतरी करायलाच हवं यावर घरात एकमत झालं. आप्पांच्या मते डोळे ठणठणीत होते, हल्ली बसच्या पाट्याच फिक्या रंगवतात. पण त्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी ते मुलाच्या घरून मुलीच्या घरी जायचे, कारण त्यांची बायको, म्हणजे मुलांची आई, तिकडे होती. ती दिवसभर वाट बघत बसली, ही गोष्ट मात्र त्यांच्या जिवाला लागली.

आता यात दोष तरी कुणाला द्यायचा? मुलीला जुळं झालं तेव्हा आई दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. जुळ्यांना दात आले, ती चालू लागली, शाळेत जायला लागली, पण आईचे दोन महिने काही संपेनात. मुलीचं घर एवढंसं, तिथे आप्पांनी पाय कुठे पसरायचे? म्हणून ते मुलाकडे. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं तसं होऊन बसलं होतं. तर आईपर्यंत नेणारी बस दिसावी, एवढ्यासाठी आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार झाले.

ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेतून व्हायचं होतं. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमची दोन कुटुंबं आहेत."

मुलाने वडिलांकडे अशा काही नजरेने पाहिलं की आप्पा घाईघाईने म्हणाले, "बघतोस काय? मी काहीही केलेलं नाही."

केलं होतं मुलांनीच. मुलाने योजनेच्या आपल्या कार्डावर आईवडिलांची नावं घातली होती. मुलीनेही घातली होती, उगाच सगळा भार दादावर नको म्हणून. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. आणि योजनेचा नियम असा की एक माणूस एकाच कार्डावर. दोनदा लाभ उचलणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी केलेल्या जाळ्यात हे गरीब अडकले.

एका ठिकाणचं नाव कमी करा, काम होईल, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. मुलाला वाटलं, बहिणीचं मन कशाला मोडा, आपणच कमी करू. बहिणीला वाटलं, दादा बोलायचा नाही, पण मनाला लावून घेईल. चांगली माणसं एकदा का समजूतदारपणा करायला लागली की कुणाचं काही चालत नाही. पुढच्या खेपेला आप्पा दवाखान्यात गेले, तर ते कुठल्याच कार्डावर नव्हते.

मग बहीणभावांत फोनवर जुंपली. तू आप्पांना काढून टाकलंस, आणि तू काय केलंस, असं बराच वेळ चाललं. शेवटी दोघांनाही रडू आलं आणि त्या भरात दोघांनीही नावं पुन्हा घातली. आता मात्र कॉम्प्युटरचा धीर सुटला. त्याने दोन्ही कार्डं बंद केली आणि आप्पांच्या नावापुढे 'संशयित' असं लिहिलं. ज्या माणसाने उभ्या नोकरीत एक सिग्नल तोडला नाही, त्याच्या नावापुढे. आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

शेवटी सगळेच योजनेच्या ऑफिसात हजर झाले. तिथल्या बाई आतापर्यंत एकच भांडण बघत आल्या होत्या, म्हातारे तुझ्याकडे, माझ्याकडे नकोत. इथे उलटंच. दोघंही म्हणत होते, माझ्याकडे. बाईंनी हात वर करून दोघांना गप्प केलं आणि आप्पांना विचारलं, "आजोबा, तुमच्या कुटुंबात कोण कोण, ते तुम्ही सांगा."

"मी आणि ही."

"दोघं एकत्र राहता?"

आप्पांनी आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत राहिली. मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे बघायला लागले. हा साधा प्रश्न इतक्या वर्षांत घरात कुणी विचारलाच नव्हता.

बाईंनी तोडगा सांगितला. नवराबायकोचं स्वतंत्र कार्ड निघेल, दोन्हीकडची नावं आपोआप जातील. फक्त छप्पर एक हवं, चूल वेगळी हवी, आणि तपासनीस घरी येऊन खात्री करणार. नाहीतर कार्डापुरती खोली दाखवणारे काय कमी आहेत.

मुलाच्या इमारतीत तळमजल्यावरची खोली रिकामी होती. मुलाने रंग लावला, मुलीने भांडी आणली. जुळ्यांचं कसं होणार, असं तिने भीतभीत विचारलं, तर आई म्हणाली, "शाळा सुटली की इकडे सोड. माझं घर आहे आता."

तपासनीस आला तो चेहऱ्यावर अविश्वास घेऊनच. नवा रंग, कोरी भांडी, दोनच कप. हे राहतं घर वाटत नाही, असं त्याने स्पष्टच सांगितलं. हा नाही म्हणाला तर ऑपरेशन गेलं, आणि खोलीही गेली. वारा लागावा म्हणून आप्पांनी खिडकी उघडली.

"लावा ती," आई म्हणाली.

"उकडतंय."

"मला वारं बाधतं. कितीदा सांगायचं?"

"जरा वेळ राहू दे की."

आई उठली आणि तिने खिडकी लावून टाकली. तपासनीस आपला यांच्याकडे बघतोय, तिच्याकडे बघतोय. "आजी, हे कधीपासून चाललंय?"

"लग्न झाल्यापासून. मधली काही वर्षं तेवढी शांतता होती."

"मग तेव्हा बरं असेल."

"नाही हो," आई म्हणाली, "अजिबात बरं नव्हतं."

तपासनीसाने कागद पुढे ओढला. पती-पत्नी एकत्र राहत असल्याची पूर्ण खात्री पटली, असं त्याने लिहिलं, सही केली आणि ऑपरेशनला आता काही अडचण नाही म्हणून सांगून गेला.

त्याची पावलं लांब गेल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "काय झकास भांडलीस गं. उघडू आता खिडकी?"

"का? मी काय त्याला दाखवायला भांडत होते?"

आप्पा चुपचाप तिच्या शेजारी येऊन बसले. घामाघूम झाले होते, पण उठायचं काही नाव घेईनात.