अक्का आणि आम्हा सगळ्यांची डोकी

आमच्या कॉलनीत नवीन माणूस राहायला आला की सुमन अक्का त्याला नाव विचारत नाहीत. आधी डोकं खाली करायला सांगतात.

गेल्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत आमच्या गल्लीत आले. मागे झेंडे, ढोल, पंचवीसेक कार्यकर्ते. अक्का ओट्यावर बसलेल्या. उमेदवार पाया पडायला वाकले. अक्कांनी आशीर्वादाला हात ठेवला तो तिथेच राहिला. त्यांनी शांतपणे केसांचा भांग इकडून तिकडे करून पाहिला आणि ढोल थांबल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मत तुलेच देसू. पन आधी कलप सोड. कातडी बठ्ठी लाल व्हई जायेल शे."

भाऊ निवडून आले. कलप सुटला की नाही माहीत नाही, पण तेव्हापासून ते आमच्या गल्लीत टोपी घालून येतात.

अक्का मूळच्या साक्रीकडच्या. तिकडच्या डोंगरातल्या गावांत आरोग्य केंद्राची नर्स म्हणून सगळी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर जळगावात आमच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या. एकट्याच असतात. नोकरीत त्यांनी बाळंतपणं केली, लसी टोचल्या, पण जीव अडकला तो डोक्यांत. कोणी उवांसाठी रॉकेल लावलं, कोणी कोंड्यावर लिंबू चोळलं असं कानावर आलं की त्या चप्पल न घालता निघतात. "निंबू वरनवर पिळतस, डोकावर नही!" हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, तेल थापणाऱ्यांसाठी, "तेलमा भजं तळतस, डोकं नही!"

माझ्या कोंड्याचा त्यांनी असाच निकाल लावला. मी औषधी शाम्पू डोक्याला लावून लगेच धुतो हे कळल्यावर त्या न्हाणीच्या बाहेर उभ्या राहिल्या. "पाच मिनिटं ऱ्हाऊ दे!" आतून मी, बाहेरून अक्का, आणि मधे पाच मिनिटं. बायको, वैशाली, स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून हसत होती.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. अक्का अहिराणीत ओरडतात तोवर घाबरायचं कारण नाही. खरा राग आला की त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात.

ते मराठी मी ऐकलं ते आमच्या ईशामुळे. ईशा चौथीत. एके दिवशी तिची वेणी घालताना वैशालीला कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला. पंधरा दिवसांत आणखी दोन झाले. माझ्या आईने सांगितलं, चाई पडली, वस्तरा फिरवा आणि कांदा चोळा. शाळेतून चिठ्ठी आली की मुलीला संसर्ग दिसतो, बरी होईपर्यंत पाठवू नये. ईशा घरातही टोपी घालून बसू लागली. जेवताना टोपी, झोपताना टोपी.

अक्कांनी चट्टे पाहिले आणि त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही सुनावलं नाही. "मले चाई वाटस. पन गजकर्न बी ऱ्हाई सकस. डॉक्टरले दखाडनं पडी. धुळाले चला, तठे मन्ही वळखनी बाई शे."

आम्ही सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. डॉक्टरबाई गोड होत्या, पण ईशा टोपी काढेना. दोन्ही हातांनी कान झाकून ती भिंतीला चिकटली. वैशाली रडकुंडीला आली. मी आवाज चढवणार, तेवढ्यात अक्कांनी मला हातानेच थांबवलं आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. मग अंबाड्याच्या पिना काढल्या.

सगळ्या कॉलनीची डोकी बघणाऱ्या अक्कांचे मोकळे केस आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मागच्या बाजूला, मानेपासून वरपर्यंत, जाड पांढरे पापुद्रे होते. खाली लालभडक कातडी.

"दख," त्या ईशाला म्हणाल्या. "मन्हं बी दख. चाळीस वरीस व्हयनात. मरनू का मी?"

ईशाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "दुखतं का?"

"खाजस. आते तू दखाड."

टोपी निघाली. डॉक्टरबाईंनी भिंगातून चट्टे तपासले. चाईच होती. शरीर चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर उठतं, त्यात कोणाचा दोष नाही आणि ती कोणाला लागत नाही, असं त्यांनी ईशालाच समजावून सांगितलं. केस बहुतेक परत येतील, वेळ लागेल. लावायचं औषध दिलं, शाळेसाठी चिठ्ठी दिली. मग अक्कांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही? सोरायसिस मागच्या बाजूला तसाच वाढलाय. लोशन लावत नाही ना?"

अक्का पिना शोधत होत्या.

परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीबाहेर बघत वैशालीला सांगितलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सासूला भाकरीच्या पिठाजवळ पापुद्रा दिसला. दुसऱ्या दिवशी दिराने माहेरी आणून सोडलं, महारोग म्हणून. नवरा पोचवायलासुद्धा आला नाही. "मंग मी नर्सनं शिकनू," एवढं बोलून त्यांनी पारोळ्याला शेंगा घेतल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत अक्का आमच्याबरोबर. मुख्याध्यापकबाईंनी चिठ्ठी वाचली, पण म्हणाल्या, "माझी हरकत नाही हो, इतर पालक तक्रार करतात."

अक्का ताठ झाल्या. "बाई, हा आजार संसर्गजन्य नाही. या मुलीला वर्गाबाहेर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मी आज हिच्या शेजारी बसणार आहे. ज्या पालकांना शंका असेल त्यांना माझ्याकडे पाठवावे."

आणि खरोखर चौथीच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, ईशाच्या डोक्याला डोकं लावून बसल्या. टोपी दप्तरात. मधल्या सुट्टीपर्यंत मुलं घाबरून बघत होती. मधल्या सुट्टीत त्यांच्यापुढे रांग लागली. तिघांच्या डोक्यात उवा निघाल्या. आठवडाभर त्या रोज गेल्या, आणि शेवटच्या दिवशी मुख्याध्यापकबाईंनी दार लोटून हळूच विचारलं, "अक्का, माझं जरा बघता?"

त्या संध्याकाळी वैशाली बोलावणं नसताना अक्कांकडे गेली. मी मागून डबा घेऊन गेलो तर दारातच थांबलो. इतके दिवस सीलसकट फळीवर पडून असलेली लोशनची बाटली वैशालीने उघडली होती.

"तू हात नको लावू. गलिच्छ शे," अक्का म्हणत होत्या.

"मागे हात पुरत नाही म्हणून लावत नव्हता ना? बसा खाली."

अक्का बसल्या. आधी बडबड चालू होती, एवढं नको, इतकं जोरात नको. वैशाली एकेक बट बाजूला करून बोटाने लावत राहिली. हळूहळू बडबड थांबली. मान पुढे झुकली.

"झोंबतं का अक्का?"

"नही."

"थांबू का?"

अक्कांनी डोळे उघडले नाहीत.

"नको," त्या म्हणाल्या. "लाव."