चौबळांची कोंबडी खुडूक बसते

कर्णिकांकडे टेलिफोन आला त्या दिवसापासून पंढरीनाथ चौबळांचं जेवण दोन पोळ्यांनी कमी झालं.

पेणकरपाड्यातल्या त्या इमारतीत तळमजल्यावर दोनच ब्लॉक असे होते, की ज्यांना मागच्या बाजूला जाळी मारलेला मोकळा तुकडा मिळाला होता. एक यतीन कर्णिकांचा, दुसरा चौबळांचा. दोघंही शहरातून एकाच महिन्यात इथे राहायला आले, दोघांच्याही नोकऱ्या फोर्टात, दोघांचंही टक्कल साधारण सारख्याच वेगानं मागे सरकत होतं. पण कर्णिकांच्या तुकड्यात गुलाब फुलायचे आणि चौबळांनी लावलेले गुलाब कुंडीसकट गेले. त्यात नव्वद साली हा टेलिफोन. सगळ्या इमारतीत एकच. चौबळांच्या पत्नीला, हंसाबाईंना, दर गुरुवारी डोंबिवलीहून बहिणीचा फोन यायचा. बोलणं पाच मिनिटं, परत येणं पाऊण तासानं.

"कर्णिक गुलाबांना चहाचा चोथा घालतात म्हणे," आल्या आल्या हंसाबाई सांगायच्या. "कर्णिकांना किती कळतं हो."

हे वाक्य चौबळांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते हसले होते. नंतर त्यांनी मोजायचं सोडून दिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि पंढरीनाथांना काही कळतं, असं त्या घरात कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. माणसाला दुसरं हवं तरी काय असतं? बायकोनं एकदा, एकदाच, त्या कर्णिकापेक्षा आपल्याला दोन बोटं वर म्हणावं, एवढीच त्या गृहस्थाची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी कोंबड्या पाळल्या.

कोंबड्या जवळच्या राई गावाहून आणल्या. धर्माजी पाटलांची तिथे भातशेती होती. त्यातली थोडी आता इमारतींखाली गेली होती, पण कोंबड्या शाबूत होत्या. धर्माजीनं दोन तांबूस गावठी कोंबड्या पाय बांधून पिशवीत घातल्या आणि विचारलं, "कोंबडा न्हाय न्यायचा?"

"कोंबडा कशाला? पहाटे आरवून बिल्डिंग डोक्यावर घेईल. आम्हाला अंडी हवीत."

"अंडी देतील. अंड्याला कोंबडा लागत न्हाय," धर्माजी म्हणाला, "पन..."

तेवढ्यात बस आली आणि चौबळ धावत सुटले. तो 'पन' राईच्या स्टॉपवरच राहिला.

हंसाबाई आधी चिडल्या, मग त्यांनी कोंबड्यांची नावं ठकी आणि बनी ठेवली. पंधरा दिवसांनी ठकीनं पहिलं अंडं घातलं. हंसाबाईंनी ते ओंजळीत धरलं आणि म्हणाल्या, "गरम आहे हो अजून." चौबळांनी कॉलर सारखी केली. आता ते वाक्य येणार, असं त्यांना वाटलं.

"चार जमली की कर्णिकांकडे देऊन येते," हंसाबाई म्हणाल्या. "त्यांच्या मामांची वसईला पोल्ट्री आहे. त्यांना कौतुक वाटेल."

त्या दिवशी तिसरी पोळीही कमी झाली.

पण दिवस पालटले. इमारतीतली माणसं कोंबड्या बघायला येऊ लागली. फोनला आलेली माणसंसुद्धा बोलून झाल्यावर चौबळांच्या जाळीशी थांबायची. आणि मार्चमध्ये एक दिवस ठकी पेटीतून उठेचना. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसली, कुणी जवळ गेलं की खस्सकन चोच मारायची. चौबळांनी ऑफिसातल्या रत्नागिरीकडच्या शिपायाला विचारलं.

"खुडूक बसली साहेब," तो म्हणाला. "अंडी ठेवा खाली. एकवीस दिवसांत पिल्लं."

कोंबडा आहे का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. चौबळ गिरगावातल्या चाळीत वाढलेले. त्यांचा समज असा, की अंडं म्हणजे अंडं, कोंबडी त्यावर बसली की पिल्लू होतं. त्यांनी आंब्याच्या पेटीत गवत पसरलं, दोन्ही कोंबड्यांची मिळून अकरा अंडी ठकीखाली सारली, वर वेताचं डालं उपडं घातलं आणि कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाभोवती लाल गोल काढला. रविवार येत होता.

संध्याकाळी जाळीपलीकडून कर्णिक डोकावले. "चौबळ, एक विचारू? तुमच्याकडे कोंबडा..."

"नाही आणि आणणारही नाही. तुमची झोप मोडणार नाही, निश्चिंत राहा."

"तसं नाही हो. अंडी उबवायची तर..."

"ते आम्ही बघतो," चौबळ म्हणाले आणि आत जाऊन दार लावलं. हंसाबाईंना म्हणाले, "बघितलंस? पोटात दुखतंय त्याच्या. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे काहीतरी असं आहे की जे त्याच्याकडे नाही." आठवड्यानं कर्णिक पुन्हा आले, तेव्हा चौबळांनी त्यांना 'कोंबडीला आवाज चालत नाही' असं कुजबुजत सांगून बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं.

सोसायटीचे सेक्रेटरी हरिश्चंद्र शेट्ये. पाण्याचा टँकर किती वाजून किती मिनिटांनी आला हेसुद्धा वहीत लिहिणारा माणूस. त्यांनी स्वतःहून बोर्डावर सूचना लावली : 'रविवारी सकाळी ९ वाजता श्री. चौबळ यांचेकडे पिल्लांचे आगमन. सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.' चौबळ जाता-येता बोर्डासमोर थांबून चष्मा पुसायचे. हंसाबाईंनी ठकीच्या डाल्यावर आपली मऊ झालेली जुनी साडी पांघरली होती. गुरुवारी फोनहून आल्यावर मात्र त्या जरा गप्प होत्या. कर्णिकांचं नावही त्यांनी काढलं नाही. चौबळांना वाटलं, चला, जिंकलो.

शुक्रवारी ते ऑफिसला दांडी मारून राईला गेले. पिल्लांना काय घालतात ते विचारायला.

"कंची पिल्लं?" धर्माजीनं विचारलं.

"ठकीची. परवा येतायत. अकरा."

"कोंबडा कुठनं आनला?"

"कोंबडा नाहीच."

धर्माजीनं चहाचा कप खाली ठेवला. "मंग पिल्लं काय पोस्टानं येतील?"

पुढे त्यानं जे समजावलं ते इथे सांगत नाही. लग्नाला चौदा वर्षं झालेला माणूस ते ऐकून लालबुंद झाला एवढं पुरे. पण चौबळांच्या डोळ्यांपुढे धर्माजी नव्हताच. रविवारी नऊ वाजता जमलेली इमारत होती, वही घेऊन उभे शेट्ये होते, आणि सगळे गेल्यावर हंसा म्हणणार होती, 'कर्णिकांना विचारायचं तरी होतंत.' ते वाक्य ऐकण्यापेक्षा घोडबंदरच्या खाडीत उडी मारलेली बरी, असं त्यांना मनापासून वाटलं.

"माझ्याकं उद्या निघतात पिल्लं," धर्माजीला दया आली. "आठ देतो. अंधारात तिच्या पोटाखाली सारा, अंडी काढून घ्या. सकाली आपलीच समजंल. तिला मोजता येत न्हाय."

शनिवारी दुपारी चौबळ बुटांच्या खोक्याला भोकं पाडून आठ करडी, पट्टेरी पिल्लं घेऊन आले आणि खोकं न्हाणीघराच्या माळ्यावर ठेवलं. पिल्लं चिवचिवायला लागली तसं त्यांनी मोठ्यानं मनाचे श्लोक सुरू केले. बावीस श्लोक झाले तरी पिल्लं थांबेनात. सुदैवानं हंसाबाई स्वयंपाकघरात मिक्सर फिरवत होत्या. चटणी केव्हाच झाली होती, तरी फिरवतच होत्या. त्या मिक्सरचे चौबळांनी मनोमन आभार मानले.

साडेसातला नेहमीप्रमाणे वीज गेली. हाताला टॉवेल गुंडाळून चौबळांनी डालं उचललं, एकेक अंडं काढलं, एकेक पिल्लू सारलं. ठकीनं टॉवेल सोडून नेमका अंगठा धरला. तोंडाशी आलेली किंकाळी गिळून ते उभे राहिले, अंडी ऑफिसच्या पिशवीत भरली आणि मिठागराच्या बाजूच्या खड्ड्यात टाकून आले.

"अंगठ्याला काय झालं?" मेणबत्तीच्या उजेडात हंसाबाईंनी विचारलं.

"खिळा लागला." 

हंसाबाईंनी हळद लावली. जास्त विचारलं नाही. पहाटे पाचला नळाला पाणी आलं तेव्हा त्या नेहमीसारख्या उठून मागे गेल्या. चौबळ मात्र आठ दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपले होते.

नऊ वाजता मागच्या तुकड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या खिडक्यांतून माणसं लटकत होती. कर्णिक एका कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. त्यांच्याकडे बघून चौबळांनी मान किंचित तुकवली, मोठा माणूस लहान माणसाकडे बघून तुकवतो तशी. मग त्यांनी साडी बाजूला केली आणि डालं उचललं.

ठकी उठली. तिच्या पोटाखालून एक करडं पिल्लू बाहेर आलं. टाळ्या पडल्या. दुसरं करडं, तिसरं करडं. मग एक पिवळंधमक आलं. चौबळांचा हात डाल्यावरच राहिला. मग पिवळी एकामागून एक येतच राहिली. ठकी गोंधळून स्वतःभोवती फिरली तशी तिच्या पंखाखालून आणखी दोन पडली.

शेट्ये बोटानं मोजत होते. दोनदा मोजून त्यांनी वही उघडली. "एकोणीस," ते म्हणाले. "चौबळ, अंडी किती ठेवली होती? माझ्याकडे अकराची नोंद आहे."

चौबळांनी हंसाबाईंकडे बघितलं. हंसाबाईंनी कर्णिकांकडे बघितलं. कर्णिकांनी आकाशाकडे बघितलं.

"बारा असती तर समजू शकलो असतो," शेट्ये पेन झटकत म्हणाले. "एखादं मोजताना राहतं. पण आठ जास्त म्हणजे काय?"

"जुळी," कर्णिक घसा खाकरून म्हणाले. "काही अंड्यांत दोन बलक असतात. गावठी जातीत होतं असं. माझ्या मामांच्या पोल्ट्रीत बघितलंय मी."

"असं होय," शेट्ये म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. रंग दोन कसे, हे कुणी विचारलंच नाही, कारण कर्णिकांनी सांगितलं होतं. जाताना मंडळी त्यांच्याचभोवती घोळका करून जुळ्यांबद्दल विचारत गेली. वरून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "कर्णिकांना किती कळतं."

तुकड्यात दोघं नवरा-बायको आणि एकोणीस पिल्लं उरली.

"तुम्ही किती ठेवलीत?" हंसाबाईंनी खाली बघत विचारलं.

"आठ. तू?"

"अकरा. डालं थोडं उचलून आत सोडली. हात घालायची भीती वाटली, नाहीतर कळलं असतं." त्या पदराशी खेळत राहिल्या. "गुरुवारी कर्णिक म्हणाले की कोंबड्याशिवाय काही होत नाही. दोनदा तुम्हाला सांगायला आले होते. मी म्हटलं, आता त्यांना सांगू नका. चारचौघांत तोंड पडेल त्यांचं. मला नसतं बघवलं ते."

चौबळ तिच्याजवळ सरकले. चौदा वर्षांत आपल्यासाठी कुणी पहाटे पाचला चोरून असं काही केलं नव्हतं. ते तिचा हात धरणार, तोच त्यांना दुसरी शंका आली. "ती पिवळी आणली कुणी?"

"कर्णिकांनी. स्कूटरवरून वसईला जाऊन. मामांच्या ओळखीचा हॅचरीवाला आहे, त्यानं खोकं भरून फुकट दिली. एक पैसा घेतला नाही." हंसाबाई थांबल्या. थांबायचा त्यांनी खरोखर प्रयत्न केला. "किती करतात हो ते दुसऱ्यासाठी."

त्या दुपारी चौबळ जेवलेच नाहीत.

इमारतीतल्या पोरांनी एकेक पिल्लू न्यायचं ठरवलं होतं, पण न्यायला कुणीही आलं नाही. सगळ्यांच्या घरी आयांनी नकार दिला होता. एकोणीसच्या एकोणीस तिथेच वाढली. करड्यांकडे चौबळ जातीनं बघायचे. पिवळ्यांना दाणे टाकताना ते तोंड फिरवून उभे राहायचे, पण ती मेली करड्यांपेक्षा दुप्पट वेगानं वाढली, पांढरीशुभ्र झाली, डोक्यावर लालभडक तुरे आले. "बघा, कर्णिकांची कशी तरारली," हंसाबाई म्हणायच्या. करडी त्यांच्यापुढे खुरटी दिसायची.

आणि ऑगस्टातल्या एका पहाटे सव्वाचारला पहिला आरवला. त्याचं संपेपर्यंत दुसरा. मग तिसरा, आणि मग अकराच्या अकरा, एका सुरात नव्हे, अकरा सुरांत. वरच्या मजल्यावर दिवे लागले. कुणाचं तरी मूल रडायला लागलं. शेट्ये खिडकीत येऊन ओरडले, "चार वाजून सतरा मिनिटं." आणि ते नोंदवायला आत गेले.

अंड्यांच्या हॅचरीत कोंबडे कुणालाच नको असतात. खोकं भरून फुकट देतात ते कोंबडेच.

जाळीपलीकडे कर्णिक लुंगीवर येऊन उभे राहिले होते. डोळे चोळत त्यांनी हाक मारली, "चौबळ, अहो, यांचं काहीतरी..."

चौबळ अंथरुणातच होते. शेजारी हंसाबाईंनी उशी कानांवर दाबून धरली होती. अकरावा आरवला तशी त्यांनी उशी भिरकावली आणि वैतागून म्हणाल्या, "त्या कर्णिकांना मेल्यांना कोंबड्यांतलं काडीचं कळत नाही. तुमचीच गावठी बरी, आठांतल्या सहा तर कोंबड्या आहेत, अंडी तरी देतील."

पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून पंढरीनाथ कुशीवर वळले, आणि अकरा कोंबडे आरवत असताना त्यांना शांत झोप लागली.